दोन लॅबांचा संसार

लग्नाआधी जवळपास वर्षभर मी आणि माझी बायको फोनवर फक्त चुकांबद्दल बोललो. चुका आमच्या नव्हत्या, कॉम्प्युटरच्या होत्या. मी यवतमाळच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि ती वणीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये. दोन्ही एकाच संस्थेची. दोन्हीकडे कॉम्प्युटरची एकेक मोठी लॅब होती, आणि मुलांची प्रॅक्टिकल संपली की दोन्ही लॅब रिकाम्या बसायच्या.

त्या रिकाम्या लॅबवर एका माणसाचा डोळा होता. कपाशीवरच्या बोंडअळीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले ते निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना अळीवाले सर म्हणायचो. त्यांच्याकडे एक प्रोग्रॅम होता. पेरणीची तारीख, रोजचं तापमान, पाऊस असं सगळं त्याला दिलं की अळीचे पतंग कोणत्या आठवड्यात उडतील ते तो सांगायचा. पण एकेका गणिताला त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर बराच वेळ लागायचा, आणि त्यांना हवी होती हजारो गणितं. जिल्ह्यातला प्रत्येक तालुका, प्रत्येक पेरणी, मागची कितीतरी वर्षं.

"माह्या हयातीत हे एका मशीनवर होत नाही," ते आमच्या प्राचार्यांना म्हणाले. "तुमच्या मशिनी दुपारून झोपा काढून राह्यल्या. त्याईले जुंपा ना माह्या कामाले."

प्राचार्यांनी ते माझ्यावर सोपवलं, कारण शेवटच्या वर्षाला ग्रिड कॉम्प्युटिंग हा विषय मीच शिकवायचो. ग्रिड म्हणजे दूरदूरचे कॉम्प्युटर एकत्र बांधून एकाच मोठ्या कामाला लावायचे. त्यासाठी प्रत्येक लॅबनं आपल्या बाजूला तिकिटाच्या खिडकीसारखी एक खिडकी उघडायची. तिला वेब सर्व्हिस म्हणत. त्या खिडकीवर काय मागता येईल, कोणत्या शब्दांत मागायचं आणि उत्तर कसं मिळेल, हे एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायचं. मागणी ठरावीक आकाराच्या पाकिटात घालून पाठवायची. पाकीट कसं असावं, फाइल कशी असावी, याची स्टँडर्ड जगातल्या जाणत्या लोकांनी बसून ठरवलेली होती. ती पाळली की कोणताही कॉम्प्युटर कोणत्याही कॉम्प्युटरशी बोलू शकतो, असं पुस्तकात होतं. मी ते वर्गात मोठ्या विश्वासानं शिकवायचो.

मी स्टँडर्ड पाळून खिडकी उघडली. वणीच्या मॅडमनीही स्टँडर्ड पाळून उघडली. आणि दोन्ही लॅब एकमेकींशी बोलेनात.

"सर, तुमचं पाकीट आलं," ती फोनवर सांगायची. "माझ्या सर्व्हिसनं उघडलं बी. पण काम सुरूच होऊन नाही राह्यलं."

"काय म्हणते ती?"

"काहीच म्हणत नाही. काम येते आणि गायब होते."

असं कित्येक दिवस चाललं. ती वणीजवळच्या राजूरची, कोळसा खाणीच्या वस्तीतली. तिथं चार प्रांतांची माणसं एका नळावर पाणी भरतात, म्हणून तिच्या बोलण्यात वऱ्हाडी आणि हिंदी एकमेकांत मिसळलेली असायची. चिडली की पूर्ण हिंदीत जायची. मी तिला पाहिलं नव्हतं, पण ती कधी चिडली, कधी दमली, कधी पेन्सिल चावत विचार करतेय, हे मला फोनवरून कळायला लागलं होतं.

शेवटी मी एसटीनं वणीला गेलो. लॅबमध्ये खिडकीजवळ ती बसली होती, केस मागं घट्ट बांधलेले, समोर पाकिटांचे छापील कागद पसरलेले. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "बसा सर. हे पाहा. तुमचं प्रत्येक काम माझ्याकडे येते तवा ते मेलेलंच असते."

मला आधी कळलं नाही. तिनं बोट ठेवून दाखवलं. ग्रिडवर काम पाठवताना त्याच्यासोबत त्याचं आयुष्यही लिहून पाठवतात, अमुक वाजेपर्यंत हे जिवंत ठेवा, मग पुसून टाका. माझी बाजू ती वेळ ग्रीनिचची लिहायची, पण ग्रीनिचची आहे हे लिहायची नाही. तिची बाजू ती इथलीच समजायची. साडेपाच तासांचा फरक पडायचा. माझं काम तिच्या दारात पोचायचं तेव्हा त्याची मुदत कधीच टळून गेलेली असायची, म्हणून तिची सर्व्हिस ते इमानदारीनं पुसून टाकायची.

"पण हे स्टँडर्डमध्ये..." मी म्हणालो.

"स्टँडर्डमध्ये कुठली वेळ हे लिहिणं ऐच्छिक हाय," ती म्हणाली. "म्हणजे तुमचंबी बरोबर आणि माझंबी बरोबर." आणि ती एवढ्या जोरात हसली की दाराशी उभा असलेला शिपाई आत डोकावला.

ती चूक दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असतील. मग माझ्या लॅबमधून पाठवलेलं पहिलं काम तिच्याकडच्या एका कॉम्प्युटरवर सुरू झालं, आणि आम्ही दोघं त्या पडद्यासमोर उभे राहून टक्क्यांचा आकडा वाढताना पाहत राहिलो. तिनं डब्यातली अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी मला दिली. परतीच्या गाडीत मी ठरवलं की आता फोन करायला दुसरं काहीतरी कारण शोधावं लागेल. कारण शोधावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. कुठलीही चूक नव्हती.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. जात एकच निघाली, त्यामुळे मोठ्यांना बोलायला फारसं काही उरलं नाही. माझी आई फुलसावंगीला राहायची. वडील गेल्यावर कपाशी आणि तुरीचं वावर तीच पाहत होती. सून नोकरी करणारी आहे, कॉम्प्युटर शिकवते, याचं तिला फार अप्रूप होतं. फक्त सून नवऱ्याला सर म्हणते याचं तिला हसू यायचं.

"अव माय, घरात त सर नको म्हणू," आई म्हणायची. "मले शाळेत बसल्यावानी वाटते."

पण बायकोला ती सवय लागली होती. शेवटपर्यंत ती मला सरच म्हणाली.

तिची बदली यवतमाळला करून घेतली आणि लोहाऱ्याच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तेव्हाचे दिवस थोडक्यात सांगतो. सकाळी आम्ही एका स्कूटरवर कॉलेजात जायचो. दुपारनंतर लॅब रिकामी झाली की अळीवाल्या सरांची कामं लावायचो. इथली साठ मशीन, वणीची चाळीस. सर रोज यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि निघणाऱ्या आकड्यांकडे नातवंडांकडे पाहावं तसे पाहायचे. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला होता. एखाद्या तालुक्याचं सगळं गणित झालं की माझी बायको तो तालुका हिरव्या खडूनं रंगवायची. महागाव, म्हणजे आईच्या फुलसावंगीचा तालुका, रंगवला त्या दिवशी सरांनी गुजरीच्या बाजारातून बालूशाही आणली होती.

या ग्रिडवर कोणाला काम पाठवू द्यायचं, हे तिच्या हातात होतं. प्रत्येकाला एक प्रमाणपत्र लागायचं, कागदाचं नाही, कॉम्प्युटरमधलं, आणि त्यावर तिच्या किल्लीनं सही केली तरच ते चालायचं. किल्ली एका परवलीच्या वाक्यानं उघडायची. ती ते वाक्य टाइप करायची तेव्हा मी खिडकीबाहेर पाहायचो. नवरा असला तरी नियम तो नियम, असं ती म्हणायची. मलाही ते आवडायचं.

त्या कामावर तिनं एक निबंध लिहिला. वेगवेगळी स्टँडर्ड पाळणाऱ्या ग्रिड एकमेकींशी कशा बोलवायच्या, हा तिचा खास विषय झाला होता. स्टँडर्ड तेव्हा दर वर्षा-दीड वर्षाला बदलत. एक मंडळी म्हणायची सर्व्हिसनं सगळं लक्षात ठेवावं, दुसरी म्हणायची काहीच लक्षात ठेवू नये, आणि आम्ही बिचारे दर वेळी सगळं उकलून पुन्हा शिवायचो. तिला त्या उकलण्या-शिवण्यात आनंद होता. निबंध परदेशात वाचला गेला आणि तिथल्या एका विद्यापीठानं तिला पीएचडीसाठी बोलावलं. चार वर्षं, खर्च सगळा त्यांचा.

पत्र आलं त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. पोळ्या लाटता लाटता थांबली.

"जाऊ का सर?"

"हे विचारायची गोष्ट आहे का?" मी म्हणालो.

"तुम्ही?"

"तू पुढं हो. वर्षभरात मीही काहीतरी पाहून येतो तिकडं."

तसं ठरलं. खरंच तसंच ठरलं होतं. तिचं तिकीट काढलं, गरम कपडे घेतले, राजूरला जाऊन तिच्या वडिलांचा निरोप घेतला. मामाजी खाणीतून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली, घरात एकटेच. ते रडले नाहीत. लेक परदेशात चालली म्हणून त्यांनी खाणीच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटले.

तिच्या जाण्याला पंधराएक दिवस उरले असताना फुलसावंगीहून शेजाऱ्याचा फोन आला. आई अंगणात तूर पाखडता पाखडता पडली होती. डावी बाजू गेली होती. हात नाही, पाय नाही. बोलणं तेवढं शाबूत होतं.

आम्ही दोघं धावलो. दवाखान्यात आईच्या उशाशी बसून माझी बायको म्हणाली, "आत्याबाई, मी नाही जात. मी थांबते."

आईनं उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. "जाय व माय तू. तू थांबल्यानं माहा हात उठणार हाय का? पोट्टीची जात, अशी संधी पुन्हा येते काय? माह्यापाशी माहा बाबू हाय."

मी एकुलता एक. आईला लोहाऱ्याच्या घरी आणलं. बायको ठरल्या दिवशी गेली. नागपूरच्या विमानतळावर तिनं मला परत परत तेच सांगितलं, की आईला उलटंपालटं करायला विसरू नका, पाठीला जखमा होतात. मी हो हो म्हणत राहिलो. काचेच्या पलीकडं ती दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभा होतो. मग आठवलं की घरी आईजवळ शेजारीण संध्याकाळपर्यंतच बसणार आहे.

पहिलं वर्ष बरं गेलं म्हणायचं. तिच्या विद्यापीठाच्या ग्रिडला तिनं आमची यवतमाळची लॅब जोडून घेतली. तिकडून ती तिच्या प्रयोगांची कामं इकडं पाठवायची. तिकडं सकाळ व्हायची तेव्हा इकडं दुपारचा दीड वाजलेला असायचा. मी मुद्दाम डबा घेऊन त्या वेळी लॅबमध्ये बसायचो. पडद्यावर एकेक काम येऊन उभं राहायचं आणि प्रत्येकापुढं पाठवणाऱ्याचं नाव. तिचं नाव, आणि त्याच्यामागं माझं आडनाव. मला कळायचं, ती उठली, आवरलं, ऑफिसला पोचली, खुर्चीत बसली. मग मी डबा उघडायचो. संध्याकाळी फोन व्हायचाच, पण फोनवर माणूस बरं नसलं तरी बरं आहे म्हणतं. त्या कामांवरून मला तिचं खरं कळायचं. सर्दी झाली की कामं कमी. काही नवं सुचलं की एकदम शंभर.

आईचं सगळं मी करायचो. सकाळी अंघोळ, वेणी, औषधं. दिवसा एक बाई यायची. आई म्हणायची, "बाबू, जाय ना तिच्यापाशी. मले पाहीन कोणी. फुलसावंगीले चार घरं हायेत आपल्याले."

"तू चल मग माझ्यासोबत."

"मी? विमानात?" ती हसायची. पण मी खरंच चौकशी केली होती. डॉक्टर म्हणाले एवढा प्रवास झेपणार नाही. तिकडच्या लोकांनी सांगितलं की अशा आजारी माणसाला राहण्याची परवानगी मिळणं फार अवघड. मग मी विचारणं सोडलं.

ती तीन वेळा सुट्टीत आली. पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही लहान मुलांसारखे होतो. दुसऱ्यांदा आली तेव्हा पहिले दोन दिवस एकमेकांना सरावण्यात गेले. तिसऱ्यांदा ती आईजवळच जास्त बसली. आईचे पाय चोळायची आणि दोघी हळू आवाजात काहीतरी बोलायच्या. मी आत गेलो की थांबायच्या. जाताना ती आईच्या पाया पडली आणि आईनं तिला बराच वेळ उठू दिलं नाही.

त्यानंतर लॅबमधल्या पडद्यावर तिची कामं कमी व्हायला लागली. रोज यायची ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. मग आठवडाभर नाही. मी नेटची लाइन तपासून घेतली. आमची खिडकी उघडी आहे ना, प्रमाणपत्राची मुदत संपली नाही ना, सगळं पाहिलं. सगळं ठीक होतं. शेवटी तिला विचारलं.

"ते हो, सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "आमच्या ग्रुपनं आता भाड्याचे कॉम्प्युटर घेतले सर. क्लाउडवर. ही जुनी स्टँडर्ड आता इथं कोणी वापरत नाही. जड पडतात."

"मग आपली लॅब?"

"आपली लॅब आता मला लागत नाही." हे ती अगदी सहज म्हणाली. मग तिलाच ते ऐकू आलं असावं. आईनं जेवण केलं का, असं तिनं घाईनं विचारलं.

दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, तिनं ते बोलून टाकलं. मी अंगणात आईचे कपडे वाळत घालत होतो.

"सर, मला इथं नोकरी मिळते आहे. कायमची."

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"मी परत येऊ शकत नाही. आले तर पुन्हा तेच शिकवायचं, जे आता कोणी वापरत नाही. मी कुजेन. आणि तुम्ही येऊ शकत नाही." ती शुद्ध बोलत होती, एकेक शब्द जपून. मग एकदम तिचा बांध फुटला. "मी तीनदा आली सर. तीनदा गेली. दर वेळी जाते तवा मले वाटते मी मरून राह्यली. चौथ्यांदा नाही होणार माह्याच्यानं."

मी म्हणालो, "मग येऊ नको. असंच राहू. फोनवर राहू."

"किती वर्षं?"

या प्रश्नाचं उत्तर आत, खाटेवर झोपलं होतं. आई किती वर्षं जगेल, हे मोजायला लागणारा मुलगा मला व्हायचं नव्हतं, आणि तिलाही मला तसं करायचं नव्हतं. मी धुतलेलं लुगडं पिळत तसाच उभा राहिलो. पाणी पायावर पडत होतं.

दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर दोनदा कोर्टात यावं लागतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा राजूरला वडिलांकडं उतरली. यवतमाळच्या कोर्टात समुपदेशनाच्या खोलीत आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. समोर एक प्रौढ बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"नवरा दारू पितो का?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही."

"हात उचलतो?"

"नाही."

"सासूचा जाच?"

"माझ्या सासूबाई फार चांगल्या आहेत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुमची काही तक्रार?"

"नाही."

"तिथं तिचं दुसरं कोणी?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा नव्हतंही.

बाईंनी चष्मा खाली घेतला, पुन्हा आमचा अर्ज वाचला. "मग कायले तोडता बाप्पा?" त्या म्हणाल्या. अधिकाऱ्याचा आवाज गेला होता, नुसता घरातल्या मोठ्या बाईचा उरला होता. "इथं रोज एकमेकांचे केस धरून येतात लोकं. तुमच्यासारखे कोणी येत नाहीत."

बाईंनी पुढं केलेल्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

कोर्टातून बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "लॅबमध्ये येशील का थोडा वेळ? किल्लीचं काम आहे." काम खरंच होतं. अळीवाले सर वर्षभरापूर्वी गेले होते. जिल्ह्याचे दोन तालुके रंगवायचे राहिले होते आणि मला ते पूर्ण करायचे होते. पण सगळ्या प्रमाणपत्रांची मुदत संपत आली होती, आणि ती वाढवायची किल्ली तिच्याशिवाय कोणाकडं नव्हती.

ती आली. लॅबमध्ये कोणी नव्हतं, मुलांच्या परीक्षा सुरू होत्या. ती तिच्या जुन्या खुर्चीत बसली. मी सवयीनं खिडकीकडं वळलो. तिच्या बोटांचा आवाज मला पाठमोरा ऐकू येत होता. न थांबता, एका दमात. इतक्या वर्षांनी तिला ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं.

"झालं," ती म्हणाली. "मुदत वाढली. आता हे तुमच्याकडं ठेवा. माझं वाक्य मी काढलं. तुम्ही नवीन टाका."

ती उठली, खुर्ची मला दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन बाहेर पाहत उभी राहिली.

मी बसलो. खुर्ची अजून तिच्या अंगाची ऊब धरून होती. पडदा विचारत होता, नवीन वाक्य द्या. मला काहीच सुचेना. माझं असं एक वाक्य, जे फक्त मला माहीत असेल आणि तिला नाही. असं माझ्याजवळ काही नव्हतंच. जे जे डोक्यात आलं ते ते तिला ठाऊक होतं. मी काहीतरी टाइप केलं. पडद्यानं ते पुन्हा मागितलं. मी पुन्हा टाइप केलं, आणि दोन्ही जुळले नाहीत.

"काय झालं?" ती खिडकीजवळूनच म्हणाली.

"जुळत नाही."

"सावकाश टाका सर."

दुसऱ्यांदाही जुळलं नाही. ती हसली, मीही हसलो. ती अजून पाठमोरीच होती. मग मला दिसलं की तिचे खांदे हलतायत ते हसण्यानं नाही. मी उठलो नाही. उठलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि जे होणार होतं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिसऱ्यांदा जुळलं.

सहा महिन्यांनी ती दुसऱ्या सहीसाठी आली. त्या वेळी घरी येऊन आईला भेटली, तिला भात भरवला आणि त्याच दिवशी नागपूरला गेली. राहिलेले दोन तालुके मी पूर्ण केले. खडू हिरवाच वापरला.

आई त्यानंतर वर्षही जगली नाही. श्रावणात तिला ताप आला, छातीत कफ झाला, आणि चार दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी शुद्धीत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाबू, मी लय उशीर केला काय रे?"

मी म्हणालो, "कायचा उशीर आई?"

तिनं पुन्हा विचारलं नाही.

राजूरहून मामाजींनी तिला कळवलं असणार. तिचा फोन आला.

"मी येऊ का सर?"

"नको," मी म्हणालो. "एवढ्या लांबून कशाला."

"तुम्ही आता..." ती म्हणाली आणि थांबली. मला वाक्य पुरं करता आलं असतं. तुम्ही आता मोकळे आहात. मी आता कुठंही जाऊ शकत होतो. व्हिसा, नोकरी, काहीही जमवता आलं असतं. पण तिच्या आयुष्यात तोवर एक चांगला माणूस आला होता. हे तिनंच मला काही महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, कारण लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग ती म्हणाली, जेवण करत जा, आणि फोन ठेवला.

कॉलेजात आता ग्रिड कॉम्प्युटिंग शिकवत नाहीत. अभ्यासक्रमातून तो विषय गेला, पुस्तकं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गेली. सर्व्हिस अजून असतात, पण आता त्यांची पाकिटं हलकी आहेत, नियम थोडे आहेत, मुलं ती एका तासात शिकतात. लॅबमधल्या जुन्या मशिनी भंगारवाल्यानं टेम्पोत घालून नेल्या, तेव्हा मी वर्गावर होतो. मुद्दाम बाहेर गेलो नाही.

एक नातं मात्र तुटायचं राहून गेलं. मामाजींना दम लागतो. छाती तपासायला ते दर दोन-तीन महिन्यांनी राजूरहून यवतमाळला येतात आणि माझ्याकडं उतरतात. पहिल्या खेपेला दारात उभे राहून संकोचले होते. "कुठी जाऊ बापू? मले दुसरं घरच माहीत नाही अथी," म्हणाले. मी पिशवी हातातून घेतली.

परवा दवाखान्यात नर्सनं कागद भरताना विचारलं, "सोबत कोण आहे? नातं काय?"

मी काही म्हणायच्या आत मामाजी म्हणाले, "जावई." तिनं लिहून घेतलं. बाहेर येईपर्यंत ते माझ्याकडं पाहत नव्हते, मीही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

स्टँडवर वणीची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसून चहा घेतला. मामाजी खिशातला मोबाइल काढत, पुन्हा ठेवत. शेवटी म्हणाले, "पोरगी झाली तिले. दीड वर्षाची हाय. दाखवू का?"

"दाखवा ना."

त्यांना मोबाइलमधला फोटो सापडेना, मी शोधून दिला. बर्फात उभी असलेली, लाल टोपी कानापर्यंत ओढलेली, हाताचे मोजे तोंडात घालून चावणारी एक पोरगी. मी फोटो मोठा करून पाहिला. डोळे कोणाचे, कपाळ कोणाचं, शोधत राहिलो. माझं त्यात काहीच नसणार, हे माहीत असूनही शोधत राहिलो.

"मराठी बोलते का?" मी विचारलं.

"मले आबा म्हणते," मामाजी म्हणाले. "बाकी थे काय बोलते मले समजत नाही."

गाडी लागली. मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली, औषधांची पिशवी मांडीवर ठेवली, कोणती गोळी जेवणाआधी ते पुन्हा सांगितलं. गाडी सुटताना त्यांनी हात बाहेर काढून माझा हात धरला. कंडक्टरनं आत घ्यायला सांगेपर्यंत सोडला नाही.

घरी आलो आणि दोघांच्या उष्ट्या ताटल्या घासल्या. मग मामाजींनी रात्री पांघरलेली चादर घडी करायला घेतली, आणि ती तशीच हातात धरून खाटेवर बसून राहिलो.